दर बदलले, फोनवर मात्र जुनेच: साइटच्या फायलींना कॅशची मुदत कशी लावायची

एका मंगल कार्यालयाची साइट मी करून दिली होती. चार पानं, हॉलचे फोटो आणि सीझनचं दरपत्रक. दरपत्रक म्हणजे एक चित्र, नाव ‘दर.जेपीजी’. साइट भरभर उघडावी म्हणून कुठून तरी पाच ओळी उचलून ‘सगळ्या चित्रांना एक वर्ष’ अशी सूचना मी सर्व्हरवर टाकली आणि वेग मोजणाऱ्या साधनातला हिरवा आकडा बघून खूश झालो. तुळशीच्या लग्नाआधी मालकांनी दर वाढवले. नवं चित्र मी त्याच नावानं चढवलं. आठवड्याभरात त्यांचा फोन आला: ‘अहो, लोक मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, साइटवर तर जुनाच दर आहे. माझ्या फोनवर नवा दिसतोय, त्यांच्या फोनवर जुना. मी कुणाला खोटं पाडू?’

खोटं कुणीच बोलत नव्हतं. सर्व्हरवर जुनं चित्र उरलंच नव्हतं. ते लोकांच्या फोनमध्ये होतं, आणि ‘वर्षभर मला परत विचारू नकोस’ असं त्यांच्या ब्राउझरला मीच सांगून ठेवलं होतं. सर्व्हर माझा, पण त्या फोनांवर माझा हात पोचत नव्हता.

ज्यांना साइट चढवता येते पण कॅशच्या, म्हणजे ब्राउझरच्या साठवणीच्या, सेटिंगला अजून हात लावलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. अपाची आणि एनजिनएक्स या दोन्ही सर्व्हरांच्या सूचना पुढे येतील. त्या इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. सर्व्हरवर टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत, चिन्हं आहेत तशी.

साठवणीचं आणि रोजचं

पूर्वी उन्हाळ्यात घरोघरी वर्षाचा गहू-तांदूळ भरायचे, दूध मात्र रोज सकाळी. ब्राउझरही असंच घर चालवतो. पान उघडताना आलेल्या फायली तो स्वतःजवळ ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यातल्या कोणत्या परत आणायच्या ते ठरवतो. ठरवतो तो सर्व्हरनं प्रत्येक फायलीसोबत पाठवलेल्या ‘कॅश-कंट्रोल’ या हेडरवरून.

त्यातला मुख्य शब्द मॅक्स-एज, आणि त्याचा आकडा सेकंदांत. एक दिवस म्हणजे ८६४००, तीस दिवस म्हणजे २५९२०००, वर्ष म्हणजे ३१५३६०००. ही मुदत संपेपर्यंत ब्राउझर त्या फायलीसाठी सर्व्हरकडे फिरकतही नाही. मात्र ही कमाल मुदत आहे, हमी नाही. फोनमध्ये जागा कमी पडली की ब्राउझर साठवलेलं आधीच टाकून देऊ शकतो.

मुदत संपल्यावर तो लगेच सगळी फाइल नव्यानं आणत नाही. आधी विचारतो: माझ्याकडे या शिक्क्याची प्रत आहे, चालेल का? हा शिक्का म्हणजे ईटॅग. फाइल बदललेली नसेल तर सर्व्हर ‘३०४’ एवढंच उत्तर देतो, फाइल पाठवत नाही. दोन एमबीच्या फोटोसाठी दोन ओळींची चिठ्ठी, इतका फरक. अपाची आणि एनजिनएक्स दोघंही स्थिर फायलींचा ईटॅग आपणहून तयार करतात, फाइल शेवटची कधी बदलली आणि तिचा आकार किती यावरून. त्यासाठी आपल्याला काही करावं लागत नाही.

दोन शब्दांची नावं मात्र फसवी आहेत. ‘नो-कॅश’चा अर्थ ‘साठवू नकोस’ असा नाही. त्याचा अर्थ ‘साठव, पण वापरण्याआधी दर वेळी मला विचार’. साठवूच नये असं सांगायचं असेल तर शब्द आहे ‘नो-स्टोअर’. लॉगिननंतरची पानं, बिलं, रिपोर्ट यांना नो-स्टोअर लावायचं. नवखी मंडळी घाबरून सगळ्या साइटला नो-स्टोअर लावतात, आणि मग तोच लोगो प्रत्येक पानावर नव्यानं उतरत राहतो.

‘मी काहीच सेट केलं नाही, म्हणजे माझ्या साइटला कॅश नाही’ हा समजही चुकीचा. हेडर नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो: फाइल बदलून जितके दिवस झाले, साधारण त्याच्या दहा टक्के मुदत. आर-एफ-सी ९१११ हे कॅशिंगचं २०२२ चं प्रमाण दस्तऐवजही हाच दहा टक्क्यांचा दाखला देतं. म्हणजे शंभर दिवस न बदललेली स्टाइलशीट दहा दिवस न विचारता वापरली जाऊ शकते. कुणाला नवी डिझाइन दिसते, कुणाला जुनी, आणि तुम्ही तर काहीच केलेलं नसतं.

पायरी पहिली: आता काय चाललंय ते बघा

काही बदलायच्या आधी सद्यस्थिती बघा. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये साइट उघडा, एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा आणि पान पुन्हा लोड करा. यादीतल्या एखाद्या फायलीवर क्लिक केलं की रिस्पॉन्स हेडर्स दिसतात. त्यात कॅश-कंट्रोल, एक्सपायर्स, ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड यांपैकी काय येतंय ते कागदावर टिपून ठेवा. एक्सपायर्स हा जुना प्रकार, त्यात मुदतीऐवजी तारीख असते. दोन्ही असतील तर मॅक्स-एजचं चालतं.

टर्मिनल वापरत असाल तर ‘कर्ल -आय’ (आय मोठ्या लिपीतला) लिहून पुढे फायलीचा पूर्ण पत्ता द्या. फक्त हेडर छापून येतात. मला हेच आवडतं, कारण कर्लजवळ ब्राउझरसारखी साठवण नसते. सर्व्हर आत्ता काय बोलतोय तेच तो सांगतो.

नेटवर्क टॅबमध्ये ‘डिसेबल कॅश’ अशी एक खूण असते. ती एकदा केली की विसरायला होतं. एफ-१२ची खिडकी उघडी असेपर्यंत सगळं ताजं दिसतं आणि आपण ‘माझ्याकडे तर नीट आहे’ म्हणत बसतो. तपासणीच्या आधी ती काढा.

पायरी दुसरी: फायलींचे दोन ढीग करा

खरं काम इथेच आहे. बहुतेक जण ‘चित्रांना किती दिवस द्यावेत, सीएसएसला किती’ असं विचारत सुरुवात करतात. मीही तेच केलं होतं. फाइल चित्र आहे की स्टाइलशीट, याचा मुदतीशी फारसा संबंध नसतो. विचारायचं ते एवढंच: या पत्त्यावरचा मजकूर पुढे कधी बदलेल का?

पहिल्या ढिगात, ज्यांच्या पत्त्यावरचं काहीच बदलणार नाही अशा फायली. त्या तशा आपण बनवायच्या असतात. स्टाइलशीटचं नाव ‘स्टाइल-७.सीएसएस’ ठेवायचं आणि आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी फाइल ‘स्टाइल-८.सीएसएस’ या नावानं चढवायची. सातव्या फायलीला पुन्हा हात लावायचा नाही. एचटीएमएलमधला दुवा आठकडे वळवला की ब्राउझरला ती सर्वस्वी नवी फाइल वाटते, आणि त्याच्याजवळ सातची प्रत पडून असली तरी कुणाचं काही बिघडत नाही. अशा फायलींना सरळ वर्षाची मुदत द्या.

दुसऱ्या ढिगात, ज्यांचा पत्ता बदलता येत नाही अशा फायली. एचटीएमएल पानं आलीच: मुखपृष्ठाचा पत्ता दर आठवड्याला बदलून कसं चालेल? सर्व्हिस वर्करची (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणाऱ्या स्क्रिप्टची) फाइल आणि लोकांनी थेट दुवा जपून ठेवलेलं पीडीएफ हेही इथलेच. यांना नो-कॅश. ब्राउझर दर वेळी विचारील, बहुतेक वेळा ३०४ मिळेल, एका फेरीएवढा वेळ जाईल. तेवढा जाऊ द्या.

माझं ‘दर.जेपीजी’ दुसऱ्या ढिगातलं होतं आणि मी त्याला पहिल्या ढिगाची मुदत लावली. चूक एवढीच, पण ती निस्तरायला हंगाम गेला.

मधला एक तिसरा ढीग उरतो: हॉलचे फोटो, फॅविकॉन, क्वचित बदलणाऱ्या पण नाव तेच राहणाऱ्या फायली. यांना एक दिवस किंवा आठवडा देता येतो. जितकी मुदत द्याल तितके दिवस कुणाला तरी जुनं दिसू शकतं, हे मान्य असेल तेवढीच द्या. मी एका दिवसाच्या पुढे जात नाही.

नावात आकडा घालण्याऐवजी दुव्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन ‘व्ही=८’ असं लिहायचीही पद्धत आहे. वर्डप्रेस आपल्या थीमच्या आणि प्लगिनच्या फायलींना असाच ‘व्हर’ जोडतं. ब्राउझरला तो वेगळा पत्ता वाटतो, काम होतं. तरी मी नाव बदलणं पसंत करतो, कारण त्यात जुनी आणि नवी फाइल सर्व्हरवर एकाच वेळी नांदू शकते. त्याचा उपयोग पुढे कळेल. व्हीट किंवा वेबपॅकसारखं साइटच्या फायली बांधून देणारं साधन वापरत असाल तर मजकुरावरून काढलेली अक्षरांची खूण नावात आपोआप घालता येते. व्हीट तर ते मुळातच करतं आणि फायली ‘असेट्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. तीच सवय हातानं केलेल्या साइटलाही लावा: नावात आकडा असलेलं सगळं ‘असेट्स’मध्ये, बाकी सगळं बाहेर. मग सर्व्हरला फक्त दोन जागा ओळखाव्या लागतात.

फाँटचं थोडं जास्त

मराठी साइटवर पहिल्या ढिगातला सगळ्यात लठ्ठ उमेदवार बहुधा फाँट असतो. मुळाक्षरं, काना-मात्रा, शिवाय जोडाक्षरांचे आकार, त्यामुळे देवनागरी फाँटमध्ये इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त आकृत्या भराव्या लागतात आणि फाइल फुगते. वर दोन-तीन वजनं घेतली की तितक्या फायली. आणि फाँट तर वर्षानुवर्षं बदलत नाही, म्हणजे वर्षाच्या साठवणीला अगदी योग्य माल.

‘गूगलचा फाँट वापरला की तो वाचकाकडे दुसऱ्या साइटवरून आधीच आलेला असतो’ हे अजूनही ऐकू येतं. एके काळी ते खरं होतं. आता ब्राउझर प्रत्येक साइटची साठवण वेगळ्या कप्प्यात ठेवतात, एका साइटच्या कप्प्यातलं दुसरीला मिळत नाही. सफारीनं हे २०१३ पासून सुरू केलं, क्रोमनं २०२० मध्ये ८६ व्या आवृत्तीत आणि फायरफॉक्सनं २०२१ मध्ये ८५ व्या. कारण होतं खासगीपण: एखादी फाइल किती झटकन येते यावरून माणूस आधी कुठल्या साइटवर जाऊन आला ते ताडता येत होतं. म्हणून मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ किंवा गूगलचा ‘नोटो सॅन्स देवनागरी’ यांसारखा मुक्त परवान्याचा फाँट उतरवून, वॉफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर फाँट-प्रकारात, आपल्याच ‘असेट्स’मध्ये ठेवणं मला बरं वाटतं.

पायरी तिसरी: अपाचीवर सूचना

साध्या शेअर्ड होस्टिंगवर तुमच्याकडे बहुतेक अपाची किंवा त्याच्या सूचना समजणारा लाइटस्पीड असतो. मुख्य सेटिंगला हात लावता येत नाही, पण फोल्डरमध्ये डॉट-एचटीॲक्सेस नावाची फाइल ठेवता येते. आधीची असेल तर तिची प्रत काढून ठेवा.

साइटच्या मूळ फोल्डरमधल्या फायलीत ही ओळ:

हेडर सेट कॅश-कंट्रोल "नो-कॅश"

आणि ‘असेट्स’ फोल्डरमध्ये वेगळी डॉट-एचटीॲक्सेस करून तिच्यात ही एकच ओळ:

हेडर सेट कॅश-कंट्रोल "पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्म्यूटेबल"

आतल्या फोल्डरची सूचना बाहेरचीला मागे सारते, त्यामुळे फायलींच्या प्रकारांची लांबलचक यादी लिहावी लागत नाही. ‘पब्लिक’ म्हणजे वाटेतल्या सामायिक कॅशनंही ठेवलं तरी चालेल. ‘इम्म्यूटेबल’ म्हणजे ही फाइल बदलणारच नाही, वाचकानं पान रिफ्रेश केलं तरी विचारू नकोस. फायरफॉक्स आणि सफारी हा शब्द मानतात. ज्याला तो कळत नाही तो ब्राउझर दुर्लक्ष करतो, नुकसान काही नाही.

ही मूळ फोल्डरची ओळ निव्वळ स्थिर साइटसाठी आहे. साइट पीएचपीवर चालत असेल, लॉगिन असेल, तर ती लावू नका. ॲप्लिकेशननं खासगी पानांना लावलेलं नो-स्टोअर ‘सेट’मुळे पुसलं जाऊ शकतं. तिथे फक्त ‘असेट्स’ची ओळ पुरे.

ओळ टाकल्यावर साइटच ‘५००’ दाखवायला लागली तर घाबरू नका. हेडर्स मॉड्यूल सुरू नाही किंवा टाइप करताना चूक झाली, एवढाच अर्थ. स्वतःचा उबुंटू सर्व्हर असेल तर ‘सुडो ए-२-एनमॉड हेडर्स’ करून अपाची रीस्टार्ट करा. नेटवर मिळणाऱ्या तुकड्यांत ही ओळ ‘इफमॉड्यूल’च्या कुंपणात असते. मॉड्यूल नसेल तर सर्व्हर ती गुपचूप सोडून देतो आणि आपण काम झालं समजून झोपतो. मला ओरडणारी चूक परवडते.

उलट काहीच फरक पडला नाही, तर डॉट-एचटीॲक्सेस वाचलीच जात नसावी. उबुंटूच्या अपाचीत ‘अलाउ-ओव्हरराइड नन’ असं मुळातच असतं. तपासायची युक्ती साधी: रहदारी नसताना फायलीत एक निरर्थक शब्द टाका. साइट कोसळली तर फाइल वाचली जातेय. शब्द लगेच काढा.

पायरी तिसरीच: एनजिनएक्सवर

एनजिनएक्सला डॉट-एचटीॲक्सेस कळत नाही. साइटच्या सेटिंगमध्ये, सर्व्हरच्या महिरपी कंसात, हे लिहायचं:

लोकेशन / {
ॲड_हेडर कॅश-कंट्रोल "नो-कॅश";
}
लोकेशन /असेट्स/ {
ॲड_हेडर कॅश-कंट्रोल "पब्लिक, मॅक्स-एज=३१५३६०००, इम्म्यूटेबल";
}

‘लोकेशन /’ आधीच असेल तर दुसरं लिहू नका, आहे त्यातच ओळ घाला. मग ‘सुडो एनजिनएक्स -टी’ करून व्याकरण तपासा, आणि ठीक असेल तरच ‘सुडो सिस्टिमसीटीएल रीलोड एनजिनएक्स’.

इथे एक खड्डा आहे. त्यात जुनेजाणतेही पडतात. ‘ॲड_हेडर’च्या ओळी वरच्या पातळीवरून खाली झिरपतात, पण खालच्या कंसात एक जरी ‘ॲड_हेडर’ असेल तर वरची एकही खाली येत नाही. म्हणजे सुरक्षेचे हेडर तुम्ही वर लिहिलेले असतील, तर कॅशची एक ओळ घालताच ते सगळे गायब. पान नीटच दिसतं, म्हणून कळतही नाही. त्या ओळी वेगळ्या फायलीत ठेवून प्रत्येक लोकेशनमध्ये ‘इन्क्लूड’ करा.

‘एक्सपायर्स १वाय’ अशीही सोपी सूचना एनजिनएक्समध्ये आहे. ती आणि वरची ॲड_हेडर एकत्र लिहिली तर दोन कॅश-कंट्रोल जातात. एकच निवडा.

आणि ओळीच्या शेवटी ‘ऑलवेज’ लावायचा मोह टाळा. अपाचीत तो ‘हेडर’ शब्दानंतर येतो, तिथेही टाळा. त्यानं ४०४ च्या उत्तरालाही वर्षाची मुदत लागते. फाइल चढवायला दोन मिनिटं उशीर झाला, तेवढ्यात कुणी पान उघडलं, तर ‘अशी फाइल नाही’ हेच त्याचा ब्राउझर वर्षभर धरून बसू शकतो.

पायरी चौथी: खात्री

पुन्हा कर्ल चालवा: एकदा मुखपृष्ठावर, एकदा असेट्समधल्या फायलीवर, एकदा असेट्समधल्या नसलेल्या नावावर. पहिल्याला नो-कॅश, दुसऱ्याला वर्ष, तिसऱ्याला ४०४ आणि मुदत काहीच नाही, असं यायला हवं.

ब्राउझरमध्ये बघताना रिफ्रेश करू नका, साइटच्याच दुसऱ्या पानाच्या दुव्यावर क्लिक करून जा. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये आकाराच्या रकान्यात ‘मेमरी कॅश’ किंवा ‘डिस्क कॅश’ दिसलं की साठवण वापरली गेली. मध्ये सीडीएन (साइटच्या प्रती वाचकाजवळच्या सर्व्हरवरून देणारी सेवा) असेल तर त्याच्या पॅनलमध्ये ब्राउझर कॅशचं वेगळं सेटिंग असू शकतं, आणि ते तुमच्या हेडरवर कुरघोडी करतं. ‘मूळ सर्व्हरचं ऐक’ असा पर्याय तिथे शोधा. तिथल्या ‘पर्ज’ बटणानं सीडीएनची साठवण रिकामी होते, वाचकाच्या फोनमधली नाही.

पायरी पाचवी: बदल चढवायचा क्रम

आधी असेट्समधल्या नव्या फायली चढवा, त्या पूर्ण गेल्याची खात्री करा, मग एचटीएमएल. उलटं केलं तर नवं पान अजून न आलेली स्टाइलशीट मागतं. आणि जुन्या फायली लगेच पुसू नका. कुणी तासापूर्वी पान उघडून तसंच ठेवलेलं असतं, त्या पानाला अजून ‘स्टाइल-७’ लागू शकते. मी महिनाभर ठेवतो, मग झाडलोट. ‘व्ही=८’च्या पद्धतीत ही सोय नाही, कारण तिथे खरी फाइल एकच असते.

चूक आधीच झाली असेल तर

मालकांचा फोन आल्यावर मी सर्वांत आधी म्हणालो होतो, ‘त्यांना पान रिफ्रेश करायला सांगा.’ उपयोग झाला नाही. साधं रिफ्रेश केल्यावर क्रोम २०१७ च्या सुमारापासून फक्त मुख्य पान विचारून घेतो. आतली चित्रं मुदतीत असतील तर ती साठवणीतूनच काढतो. कंट्रोल-शिफ्ट-आर नं सगळं नव्यानं येतं, पण लग्नाची तारीख ठरवायला आलेल्या मामांना फोनवर ते कसं सांगणार?

चित्र, स्टाइलशीट, स्क्रिप्ट यांचा इलाज सोपा आहे. नाव बदला आणि पानातला दुवा वळवा. पान ताजं येत असेल तर पुढच्या भेटीत सगळं सरळ होतं. एचटीएमएललाच वर्ष लावून बसला असाल तर मात्र दुखणं मोठं. हेडर आजच दुरुस्त करा, म्हणजे नवे वाचक वाचतील. ज्यांच्याकडे जुनं पान आहे ते आपल्याकडे येतच नाहीत, त्यांना निरोप द्यायचा कसा? त्या जुन्या पानात एखादी अल्प मुदतीची स्क्रिप्ट असेल तर तिच्यातून जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ला ‘कॅश: रीलोड’ देऊन ते पान नव्यानं मागवता येतं. नसेल तर मुदत संपायची वाट बघायची.

माझ्या बाबतीत पान नो-कॅश होतं, तेवढं नशीब. चित्राचं नाव हंगामावरून ठेवलं, दुवा बदलला, बहुतेकांचा प्रश्न त्या दिवशी मिटला. उरले ते, ज्यांना नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर थेट ‘दर.जेपीजी’चाच दुवा पाठवला होता. ती फाइल मी अजून काढलेली नाही. तिच्या जागी आता एक साधं चित्र आहे, ‘नवे दर साइटच्या पहिल्या पानावर पाहा’ एवढंच लिहिलेलं, आणि त्याला नो-कॅश.